मणका दबल्यानंतरची निवड : बडोद्यातलं एक प्रकरण

दांडिया बाजारात राहणाऱ्या ६७ वर्षांच्या एक बाई दिवाळीनंतर मकरपुऱ्याला बहिणीकडे निघाल्या होत्या. त्यांना आपण काकू म्हणू. शटल रिक्षा, मागच्या सीटवर चौघी, आणि रिक्षावाल्याला बंप दिसला नाही. रिक्षा उसळली तशी काकूंच्या पाठीत कळ आली. त्या पडल्या नाहीत, कुठे आपटल्या नाहीत. बहिणीकडे जेवून, गप्पा मारून घरी आल्या. रात्री कूस बदलताना मात्र तोंडातून आवाज फुटला.

पुढचे पंधरा दिवस घरच्यांच्या लेखी ही उसण होती. आधी मलम, मग गरम पाण्याची पिशवी, मग ओळखीतल्या हाडवैदाकडे दोनदा चोळून घेणं. चोळल्यावर दुखणं वाढलं तेव्हा एक्स-रे काढला. ‘वयोमानानुसार झीज’ असं कोणीतरी त्यावर सांगितलं आणि गादी सरकली असेल म्हणून कमरेचा पट्टा बांधला. माझ्याकडे त्या आल्या त्या पट्ट्यासकट, काकांच्या खांद्यावर हात ठेवून.

गादीचं दुखणं बहुतेक वेळा पायात उतरतं, पुढे वाकलं किंवा खोकलं की चमकतं. काकूंचं दुखणं पायात उतरत नव्हतं. आडवं होताना, कूस बदलताना आणि उठून बसताना ते सगळ्यात जास्त होतं. एकदा स्थिर उभ्या राहिल्या की बरंच सुसह्य. पाठीच्या मध्यरेषेवर, बरगड्या संपतात त्याच्या जरा खाली, बोटाने हलकं ठोकलं तरी त्या कळवळल्या. साठीपुढच्या बाईत हे चित्र दिसलं की मणका दबल्याचा संशय आधी घ्यायचा आणि बाकीचं नंतर. जोराचा मार लागायची गरज नसते. बादली उचलणं, माळ्यावरचा डबा काढणं, रिक्षाचा धक्का, एवढं पुरतं.

मी उंची मोजली. १४८ सेंटिमीटर. तरुणपणीची उंची कोणालाच आठवेना, पण काकांनी एलआयसीच्या जुन्या पॉलिसीचा मेडिकल फॉर्म शोधून आणला. त्यावर १५४ होती. चार सेंटिमीटरपेक्षा जास्त उंची गेली असेल तर पाठीचा कणा एक्स-रेत पाहायलाच हवा, असा साधा नियम आहे. काकूंना हे वेगळ्या वाटेने ठाऊक होतं. परकर लोळतो म्हणून गेली काही वर्षं त्या नेफ्यात जास्त दुमड घालत होत्या. पोट सुटलंय असं त्यांना वाटायचं, पण वजन वाढलेलं नव्हतं. कणा आखूड झाला की पोटाला जागा उरत नाही, ते पुढे येतं, आणि दोन घास खाल्ले तरी भरल्यासारखं होतं. ॲसिडिटीची गोळी त्या कित्येक वर्षं रोज घेत होत्या.

तपासण्यांनी काय दाखवलं

नव्या एक्स-रेत बारावा मणका, ज्याला रेडिऑलॉजिस्ट डी-१२ म्हणतात, पुढच्या बाजूने दबून पाचरीसारखा झालेला होता. त्याच्या वर आठवा मणकाही दबलेला, पण जुना. एमआरआयमध्ये बाराव्यात सूज होती, आठव्यात नव्हती. म्हणजे पहिला मणका कधीतरी गुपचूप मोडून जुळलाही होता. हे विरळा नाही. मणक्याचे दोन-तृतीयांश फ्रॅक्चर कधी निदान न होताच राहतात, कारण पाठदुखी आहे म्हणून कोणी दर वेळी एक्स-रे काढत नाही.

एमआरआय दुसऱ्याही कारणासाठी हवा होता. आपल्याकडे मणका खचलेला दिसला की क्षयरोग डोक्यात ठेवावाच लागतो. क्षयात बहुधा शेजारशेजारचे दोन मणके आणि मधली गादी खराब होते, बाजूला पू साठू शकतो. काकूंच्या गाद्या शाबूत होत्या. रक्तातल्या प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी केली, कारण मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेचा कर्करोगही अशाच पाठदुखीने तोंड दाखवतो. तीही स्वच्छ आली. घरच्यांना या तपासण्या जास्तीच्या वाटल्या. पण ‘वयाने हाडं ठिसूळ झाली’ हे निदान बाकीची कारणं बाजूला सारल्यावर करायचं असतं.

आणि इथे तर वयापलीकडची कारणं निघाली. काकूंची गर्भपिशवी ४१व्या वर्षी काढली होती, हे त्यांनी सांगितलं. अंडाशयंही काढली होती, हे जुन्या ऑपरेशनच्या कागदावरून कळलं. त्यांना स्वतःला हे माहीतच नव्हतं. एका दिवसात आलेली ही रजोनिवृत्ती, तीही इतक्या लवकर, हाडांना फार महाग पडते. पिशवीच्या ऑपरेशननंतर बायकांना जो कागद मिळतो तो जपून ठेवा, असं मी आता प्रत्येकीला सांगते.

दुसरं कारण थायरॉइडच्या गोळीचं. डोस पूर्वी कधीतरी ठरला आणि तसाच चालू राहिला. टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा, ०.०८ आला, म्हणजे गोळी गरजेपेक्षा जास्त होती. थायरॉइडचं संप्रेरक जास्त झालं की हाड झिजण्याचा वेग वाढतो. डोस कमी केला. ड जीवनसत्त्व ११ होतं, २० च्या खाली ते कमी धरतात. कॅल्शियम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ठीक.

डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट हातात घेऊन काका म्हणाले, “डॉक्टरबेन, यात तर कमरेला ऑस्टिओपेनिया लिहिलंय. म्हणजे अजून वेळ आहे ने?” कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेतला आकडा, उणे २.३ होता, खुब्याच्या मानेचा उणे २.९. ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराची, जागतिक आरोग्य संघटनेने १९९४मध्ये आखलेली रेघ उणे २.५ ची. ऑस्टिओपेनिया ही त्याच्या अलीकडची पायरी. पण उतारवयात मणक्यांच्या कडांना वाढलेलं हाड आणि महाधमनीत साठलेलं कॅल्शियमही यंत्र हाडात मोजतं, त्यामुळे कमरेचा आकडा फसवा चांगला येतो. शिवाय किरकोळ धक्क्याने मणका मोडलाय म्हटल्यावर आकडा काहीही असो, हा ऑस्टिओपोरोसिसच. दोन मणके मोडलेत म्हटल्यावर तो तीव्र.

आधी दुखणं

नव्या एक्स-रेनंतर काकू एका मोठ्या खाजगी रुग्णालयात मत घ्यायला गेल्या होत्या. तिथे दबलेल्या मणक्यात सिमेंट भरायचा सल्ला मिळाला. खर्च लाखाच्या घरात, दुसऱ्या दिवशी चालत घरी. मुलगी कॅनडात असते, तिचं फोनवर म्हणणं, “आईला कशाला सोसायला लावता, करून टाका.” हे म्हणणं माणसाचं आहे आणि त्याला उत्तर आकड्यांनीच द्यावं लागलं.

सिमेंट भरण्याच्या या पद्धतीला व्हर्टिब्रोप्लास्टी म्हणतात. २००९मध्ये तिच्या दोन चाचण्या एकाच वेळी प्रसिद्ध झाल्या. त्यांत निम्म्या रुग्णांना खरं सिमेंट भरलं आणि निम्म्यांना नुसतंच नाटक केलं: भूल दिली, सुई टेकवली, सिमेंटचा वास खोलीत पसरू दिला, पण भरलं काही नाही. दोन्ही गटांचं दुखणं जवळजवळ सारखंच कमी झालं. २०१६च्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत मात्र अगदी ताज्या आणि असह्य दुखण्यात सिमेंटचा फायदा दिसला, म्हणून दार पूर्ण बंद झालेलं नाही. दुखण्याने माणूस कूसही बदलू शकत नाही, औषधांनी भागत नाही, अंथरुणाला खिळलाय, अशा रुग्णासाठी मी स्वतः त्या सर्जनना फोन करीन. पण काकू त्यातल्या नव्हत्या. तिसऱ्या आठवड्यात त्या चहा करायला उठत होत्या. दबलेला मणका साधारण सहा ते बारा आठवड्यांत जुळतो. दोन आठवडे थांबू, दुखणं उतरलं नाही तर सिमेंटचा पुन्हा विचार करू, असं ठरलं.

ते दोन आठवडे कसे काढले हे सांगायला हवं, कारण बहुतेक घरं इथेच चुकतात. पॅरासिटामॉल दुखल्यावर न घेता घड्याळाने, दिवसातून तीनदा. रात्रीपुरती ट्रॅमाडॉलची छोटी मात्रा, आणि तिच्यासोबत न विसरता इसबगोल, कारण त्या गोळीने पोट साफ होत नाही आणि कुंथताना याच मणक्यावर ताण येतो. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताच्या आधाराने बसायचं. उताणं असताना थेट उठून बसायचं नाही. पट्टा फक्त चालताना, आणि तोही काही आठवडेच. सगळ्यात कठीण गेलं ते घरच्यांना विश्रांतीचं वेड सोडायला लावणं. जाऊ-नणंदा येऊन “पडून राहा गं, उठू नकोस” म्हणायच्या. पडून राहिलं की हाड आणखी विरघळतं आणि पाठीचे स्नायू सुकतात. दर तासाला घरातल्या घरात चार फेऱ्या, हे माझं त्यांना फर्मान होतं.

पाचव्या आठवड्यात दुखणं निम्म्यावर आलं. सिमेंटचा विषय आपोआप मागे पडला.

मग हाड

या प्रकरणात मला सांगायचं आहे ते इथून पुढचं. दुखणं गेलं की रुग्णही जातो. डोलीतून यावं तसा आलेला माणूस दोन महिन्यांनी भाजी घेताना भेटतो आणि म्हणतो, आता छान आहे, गोळ्या बंद केल्या. मणका आपोआप जुळतो, पण हाड तेवढंच ठिसूळ राहतं. मणक्याचं नवं फ्रॅक्चर झालेल्या बायकांपैकी जवळपास पाचातल्या एकीचा पुढच्या वर्षभरात आणखी एक मणका मोडतो, हे २००१मध्ये मोठ्या अभ्यासात दिसलं होतं. त्यामुळे दुखणं ओसरू लागलं त्याच आठवड्यात मी काका-काकूंना एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे संप्रेरकांच्या तज्ज्ञाकडे पाठवलं, आणि परत आल्यावर आम्ही तिघं बसलो. चौथी फोनच्या स्पीकरवर.

आठवड्याला एकदा घ्यायची अलेंड्रोनेटची गोळी स्वस्त, आणि औषध जुनं, १९९५पासूनचं. मणका आधीच मोडलेल्या बायकांत ती नव्या फ्रॅक्चरचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आणते. पण ती सकाळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास ताठ बसावं किंवा उभं राहावं लागतं, नाहीतर अन्ननलिका सोलवटते. काकूंची छाती आधीच जळत होती आणि अर्धा तास ताठ बसणं त्या दिवसांत शक्य नव्हतं. ती बाद.

मुलीने नीट वाचन केलं होतं. तिचा कौल डेनोसुमॅबला. सहा महिन्यांनी एक टोचणी, मूत्रपिंडाला त्रास नाही, हाडांची घनता चांगली वाढते. सगळं खरं. पण या औषधाची एक अट आहे, तारीख चुकवायची नाही. पुढची टोचणी महिना-दोन महिने लांबली तर दाबून ठेवलेली झीज एकदम उसळते, आणि काही रुग्णांचे तीन-तीन, चार-चार मणके पाठोपाठ मोडल्याचं नोंदलं गेलंय. काकू-काका एक वर्षाआड सहा महिने कॅनडात राहतात. तिथे पाहुण्यांचा विमा जुन्या आजाराचा खर्च सहसा देत नाही. कधी व्हिसा लांबतो, कधी नातवाची परीक्षा असते, परतीचं तिकीट पुढे ढकललं जातं. बडोद्यातल्या अर्ध्या मराठी घरांचं वेळापत्रक आता असंच आहे. मुलीला हे पटायला वेळ लागला, पण पटलं.

उरली दोन. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रोनिक ॲसिड, ५ मिलिग्रॅम. आणि रोज पोटावर टोचायचं टेरिपॅराटाइड, २० मायक्रोग्रॅम. पहिलं झीज थांबवतं. २००७च्या चाचणीत तीन वर्षांत त्याने मणक्याचे फ्रॅक्चर ७० टक्क्यांनी आणि खुब्याचे ४१ टक्क्यांनी कमी केले. दुसरं नवं हाड बांधतं. मणके आधीच मोडलेल्या बायकांत टेरिपॅराटाइड आणि रिसेड्रोनेटची (अलेंड्रोनेटच्याच जातीची) गोळी यांची समोरासमोर तुलना २०१८मध्ये झाली: दोन वर्षांत नवे मणके मोडल्याचं प्रमाण ५.४ टक्के विरुद्ध १२ टक्के. दोन मणके गेलेल्या बाईला आधी हाड बांधणारं आणि मग ते राखणारं औषध द्यावं, असा एंडोक्रायनॉलॉजिस्टांचा कल होता. क्रम उलटा केला तर बांधणाऱ्याचा जोर कमी पडतो. अडचण पैशांची आणि रोजच्या सुईची. भारतीय कंपन्यांचं टेरिपॅराटाइड मूळ औषधापेक्षा खूपच स्वस्त आहे, तरी महिन्याला काही हजार जातात, आणि ते फ्रिजमध्येच ठेवावं लागतं.

सुईचा प्रश्न काकांनी सोडवला. ते मधुमेही. “अगं, मी रोज स्वतःला टोचतो, तुला टोचायला काय लागतंय?” काकू म्हणाल्या, “अहो, तुमचा हात थरथरतो,” आणि टोचायचं पेन स्वतःच चालवायचं ठरवलं. सिमेंटसाठी बाजूला काढलेले पैसे या औषधाला लावायचे, हा हिशेबही काकूंचाच.

पेटीतला कागद वाचून त्या एकदा घाबरून आल्या. उंदरांना हाडांचा कर्करोग झाल्याचा त्यात उल्लेख होता. तो खरा आहे, पण त्या उंदरांना जन्मभर मोठे डोस दिले होते. माणसांत तसं दिसलं नाही, म्हणून अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रकाने २०२०मध्ये ती धोक्याची चौकटीतली सूचना काढून टाकली. रक्तात कॅल्शियम वाढलेलं असेल, पूर्वी किरणोपचार झालेले असतील, किंवा मुतखडा चालू असेल तर मात्र हे औषध टाळावं किंवा फार जपून द्यावं. गुजरातेत मुतखडे घरोघरी, म्हणून हे विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही.

एक धोका कुठल्याच कागदावर नव्हता. एकाच फ्रिजच्या दारात दोन पेनं: एक इन्सुलिनचं, एक हाडांचं, दिसायला जुळ्या भावांसारखी. मधुमेह नसलेल्या काकूंनी चुकून इन्सुलिन टोचलं तर साखर धोकादायक उतरणार. म्हणून काकांचं पेन लाल दोरा बांधून स्टीलच्या डब्यात, वरच्या कप्प्यात. काकूंचं खाली, भाजीच्या खणाशेजारी. वेळाही वेगळ्या. टेरिपॅराटाइडने सुरुवातीला चक्कर येऊ शकते, म्हणून ते रात्री पलंगावर बसून घ्यायचं आणि लगेच आडवं व्हायचं.

औषधाआधी ड जीवनसत्त्व भरून काढलं, ६०,००० युनिटचं सॅशे आठवड्याला एक, आठ आठवडे, मग महिन्याला एक. हे ‘आठवड्याला एक’ वर्षानुवर्षं चालू ठेवणारी माणसं मला भेटतात आणि त्यांचं कॅल्शियम वाढून मूत्रपिंड दुखावलेलं असतं. कॅल्शियमच्या गोळीचीही गंमत होती. काकू ती थायरॉइडच्या गोळीबरोबरच सकाळी घ्यायच्या. त्या दोन्हींत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. आणि ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर कॅल्शियम कार्बोनेटपेक्षा सायट्रेट बरं. ताटातली भर नाचणीची भाकरी (इथल्या दुकानात नागली मागायची), दुपारी वाटीभर दही आणि तिळाची चटणी यांनी झाली.

वाकणं

औषधांइतकाच वेळ आम्ही एका गोष्टीवर घालवला, पुढे वाकण्यावर. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये १९८४मध्ये ५९ बायकांवर एक छोटा अभ्यास झाला होता. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत नवे मणके दबल्याचं प्रमाण १६ टक्के, पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत ८९ टक्के, आणि काहीच न करणाऱ्यांत ६७. अभ्यास लहान आणि जुना आहे, तरी त्यातली दिशा आजही कोणी खोटी ठरवलेली नाही.

काकूंचं आयुष्य पुढे वाकण्याचं. उन्हाळ्यात त्या पोह्याचे पापड करून ओळखीत देतात, जमिनीवर बसून, पाटावर वाकून. केरसुणी आखूड. देवापुढे डोकं टेकवणं. आणि कमाटीबागेतला सकाळचा योगाचा ग्रुप, जिथे पादहस्तासन आणि पश्चिमोत्तानासन रोज. ग्रुप सोडायला त्या तयार नव्हत्या, आणि सोडायची गरजही नव्हती. फिजिओथेरपिस्टने त्यांना पालथं झोपून छाती किंचित उचलणं, भिंतीला पाठ टेकून हात वर सरकवणं, खुर्चीतून हात न लावता उठणं शिकवलं. ग्रुप वाकतो तेव्हा काकू ताडासनात उभ्या राहतात. लांब दांड्याचा झाडू आला. देवाला उभ्याने नमस्कार. त्याबद्दल सासूबाईंच्या वयाच्या एका शेजारणीने टोमणा मारला, तो काकूंनी मला हसत ऐकवला.

घरातल्या जिन्याला दोर होता, तिथे लाकडी कठडा बसला. मोतीबिंदूचं ऑपरेशनही उरकून घेतलं, कारण मणक्यानंतरची भीती खुब्याची आणि खुबा बहुतेक वेळा पडूनच मोडतो.

आजची स्थिती

दीड वर्ष टेरिपॅराटाइड झालं. सुरुवातीला पोटऱ्यांत गोळे यायचे, ते पुढे कमी झाले. मधल्या काळात एक हलणारी दाढ काढून घेतली. झोलेड्रोनिकच्या आधी दातांची मोठी कामं उरकलेली बरी. जबड्याचं हाड उघडं पडण्याचा धोका ऑस्टिओपोरोसिसच्या डोसला फार थोडा, वर्षाला दहा हजारांत एक किंवा त्याहूनही कमी, पण टाळता येतो तर टाळावा. टेरिपॅराटाइड नुसतं बंद केलं तर कमावलेलं हाड पुन्हा जातं, म्हणून कॅनडाला निघण्याआधी झोलेड्रोनिक दिलं. दुसऱ्या दिवशी ताप आणि अंगदुखी आली. पहिल्या वेळी ती बऱ्याच जणांना येते, पॅरासिटामॉलने भागतं, आणि हे आधी सांगितलेलं असल्यामुळे कोणी धावाधाव केली नाही.

डेक्सात कमरेचा स्कोअर उणे १.६ वर आला. खुब्याचा उणे २.८, म्हणजे जवळपास जिथल्या तिथे. नवा मणका दबलेला नाही. उंची परत आलेली नाही, येणारही नाही, आणि संध्याकाळ झाली की पाठ भरून येते. तेव्हा काकू दहा मिनिटं उताण्या पडतात, मग उठून कुकर लावतात. वाकलेला कणा दिवसभर सांभाळून स्नायू थकतात, त्यावर गोळी नाही. सकाळचे व्यायाम चुकले त्या दिवशी जास्त थकतात, एवढं त्यांचं त्यांनीच ताडलंय.

पुढचं झोलेड्रोनिक जूनमध्ये. त्याआधी क्रिएटिनिन, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि टीएसएच. अशी तीन वर्षं झाली की थांबायचं की चालू ठेवायचं ते खुब्याच्या आकड्यावरून पाहू. मांडीत किंवा जांघेत नवं दुखणं सुरू झालं तर मात्र वाट न पाहता यायचं, कारण ही औषधं फार काळ घेतल्यावर क्वचित मांडीच्या हाडाला तडा जातो. परवा त्या दोन प्रश्न घेऊन आल्या होत्या. नवरात्रात गरबा चालेल का? टाळ्यांचा, उभ्याने, मधे मधे बसून चालेल. वाकून गिरक्या घ्यायच्या नाहीत. आणि या उन्हाळ्यात पापडांच्या ऑर्डरी घेऊ का? घ्या, पण ओट्याशी उभ्याने लाटा, आणि पिठाचा डबा उचलायला काकांना हाक मारा.